स्टारशिप टायटॅनिक पुन्हा काढलाय? मग बॉट्सशी बोलायचं कसं ते आधी वाचा

हा गेम पुन्हा काढणाऱ्यांचं दर वेळी तेच होतं. कसाबसा इन्स्टॉल होतो, घराचं छप्पर फोडून अंतराळजहाज आत येतं, दारातला बॉट, म्हणजे जहाजावरचा रोबो, आपल्याला आत घेऊन जातो आणि रिसेप्शनवरच्या डेस्कबॉटपर्यंत पोचलं की गाडी अडते. तिला काहीतरी विचारायचं, ती तिरसट उत्तर देणार, मग आपण चिडून अख्खा परिच्छेद टाइप करायचा, त्यावर भलतंच काहीतरी ऐकायला मिळणार, मग वॉकथ्रू, म्हणजे सगळी उत्तरं क्रमाने दिलेलं पान, उघडायचा आणि अर्ध्या तासात गेम बंद, वर 'आता जुना झाला राव' असा शेरा. मला हा गेम मनापासून आवडतो आणि हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण चूक गेमची नसते, सुरुवात उलट्या टोकाकडून झालेली असते. विनोदी विज्ञानकथा लिहिणाऱ्या डग्लस ॲडम्सचा १९९८ चा गेम आहे एवढं पुरे, बाकी इतिहास सोडतो आणि थेट कामाचं सांगतो. पझल्सची उत्तरं यात कुठेही फोडलेली नाहीत, बिनधास्त वाचा.

एक आधीच सांगून ठेवतो, टाइप करायच्या वाक्यांची उदाहरणं मी देवनागरीत लिहिली आहेत, गेममध्ये ती इंग्लिश अक्षरांतच टाकायची.

## टप्पा १: बसायच्या आधी काय जमवायचं

गेमची कॉपी, स्कमव्हीएम (जुने गेम चालवणारा प्रोग्रॅम, पुढच्या टप्प्यात सांगतो), हेडफोन, खरा कीबोर्ड आणि एक वही. वही म्हणजे कागदाची, मोबाइलमधली नोट नको, कारण या गेममध्ये चिन्हं आणि रंग उतरवून घ्यावे लागतात आणि ते बोटाने मोबाइलवर काढत बसलात तर दुसऱ्या दिवशी तुमचं तुम्हालाच कळणार नाही.

हेडफोन का, तर इथली अर्धी मजा आवाजात आहे आणि बॉट कधी कधी मुद्द्याची गोष्ट भरभर, पुटपुटत बोलून जातात. गेममधल्या पोपटाला माँटी पायथनवाल्या टेरी जोन्सचा आवाज आहे, बोलणाऱ्या बॉम्बला त्याच टोळीतल्या जॉन क्लीजचा, ते लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरवर ऐकणं म्हणजे वायाच.

कॉपीचं म्हणाल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे गॉग किंवा स्टीम या ऑनलाइन गेम दुकानांतली डिजिटल कॉपी, ही सोपी वाट. दुसरी म्हणजे कपाटात पडलेल्या तीन सीडी. सीडी असतील तर आधी तिन्ही एकदा कॉम्प्युटरला वाचता येतायत का ते बघा, ओरखडे असतील तर तिसऱ्या सीडीच्या मध्यावर कॉपी थांबते आणि तोवर तुमचा तास गेलेला असतो.

सावध: सीडीवरचा जुना इन्स्टॉलर थेट आजच्या विंडोजवर चालवायच्या मागे लागू नका. त्या काळातले बरेच इन्स्टॉलर १६-बिट होते आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालतच नाहीत, मग कम्पॅटिबिलिटी मोड लावला काय किंवा ॲडमिन म्हणून चालवला काय. आणि नशिबाने इन्स्टॉल झालाच तरी पुढे रंग, आवाज, क्रॅश यातली एखादी भानगड मागे लागतेच. इन्स्टॉलर चालवायची गरजच नाहीये, आपल्याला फक्त फाइल्स हव्यात.

## टप्पा २: फाइल्स एका फोल्डरमध्ये आणणं

स्कमव्हीएम हा फुकट, ओपन सोर्स प्रोग्रॅम आहे. जुन्या ॲडव्हेंचर गेम्सचं इंजिन तो स्वतः नव्याने चालवतो आणि मूळ गेममधून फक्त चित्रं, आवाज, डेटा घेतो. स्टारशिप टायटॅनिकची इंग्लिश आवृत्ती २.० पासून, म्हणजे २०१७ च्या डिसेंबरपासून त्यात चालते. म्हणून स्कमव्हीएम कुठूनतरी जुना पडलेला वापरू नका, त्याच्या अधिकृत साइटवरून ताजी आवृत्ती उतरवा.

क्रम असा ठेवा:

१. गेमसाठी एक साधा फोल्डर करा, नाव इंग्लिशमध्ये, मध्ये स्पेस नको. डेस्कटॉपवर नको, एखाद्या कायमच्या जागी करा, कारण नंतर फोल्डर हलवला की स्कमव्हीएमला गेम सापडत नाही.

२. डिजिटल कॉपी असेल तर ती नेहमीसारखी इन्स्टॉल करा आणि इन्स्टॉल झालेला फोल्डर अख्खा इथे कॉपी करा. मॅक किंवा लिनक्स असेल आणि हातात फक्त गॉगचा विंडोज इन्स्टॉलर असेल तर इनोएक्स्ट्रॅक्ट नावाचं टूल त्यातल्या फाइल्स बाहेर काढून देतं.

३. सीडी असतील तर एक, दोन, तीन अशा क्रमाने सगळं त्याच फोल्डरमध्ये कॉपी करा.

सावध, मॅकवाल्यांनो खास: दोन सीडींवर एकाच नावाचा फोल्डर आला की विंडोज दोन्ही फोल्डर एकत्र करतं, पण मॅकचं फाइंडर 'रिप्लेस' विचारतं आणि हो म्हटलं की पहिला फोल्डर उडवून दुसरा ठेवतं. गेम सुरू होतो, थोडा चालतोही, आणि मग मध्येच बंद पडतो ते यामुळेच. रिप्लेस न करता आतल्या फाइल्स निवडून कॉपी करा.

तपासून बघा: फोल्डरमध्ये न्यूगेम डॉट एसटी नावाची फाइल दिसायला हवी आणि ॲसेट्स नावाचा, चांगला जड फोल्डर दिसायला हवा. यातलं एक जरी नसलं तरी पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: स्कमव्हीएममध्ये जोडणं आणि सेटिंग

हे पटकन होतं. स्कमव्हीएम उघडा, गेम ॲड करा म्हणा, तो फोल्डर दाखवा, नाव आपोआप ओळखलं जाईल, ओके. ओळखलं नाही तर तुम्ही एक पायरी वरचा किंवा खालचा फोल्डर दाखवलाय, नव्वद टक्के वेळा तेच असतं.

गेम मूळ ६४० बाय ४८० चा आहे. मोठ्या रुंद स्क्रीनवर तो ताणून भरायचा मोह आवरा. बॉट्सचे चेहरे चपटे दिसतातच, शिवाय पीईटीवरची, म्हणजे स्क्रीनखालच्या पट्टीवरची, बारीक चिन्हं एकमेकांसारखी दिसायला लागतात आणि या गेममध्ये चिन्ह चुकीचं वाचलं की वस्तू भलत्याच खोलीत जाऊन पडते. बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या.

आवाजात संगीत थोडं कमी, बोलणं पूर्ण.

कीबोर्ड इंग्लिशवर आणा. आपल्यापैकी बरेच जण दिवसभर मराठी कीबोर्ड चालू ठेवून बसतात आणि गेममध्ये टाइप केल्यावर अक्षरंच उमटत नाहीत, मग वाटतं गेम हँग झाला. फोनवर स्कमव्हीएम चालतं खरं, पण हा गेम टायपिंगचा आहे, स्क्रीनवरच्या कीबोर्डने अर्धं चित्र झाकलं जातं आणि माणूस आपोआप कमी बोलायला लागतो. लॅपटॉपवरच खेळा.

तपासून बघा: गेम सुरू करून कंट्रोल आणि एफ५ दाबा. स्कमव्हीएमचा मेनू आला, तिथून सेव्ह झालं, परत लोड झालं, की मगच खरा खेळ सुरू करा. दोन तास खेळून झाल्यावर सेव्ह होत नाही हे कळण्यापेक्षा आत्ता दोन मिनिटं घालवलेली बरी.

## टप्पा ४: पीईटी हातात बसवणं

जहाजावर आलात की स्क्रीनच्या खाली जी पट्टी असते ती पीईटी. तिचे पाच भाग आहेत आणि लोक फक्त दोन वापरतात, अडकायचं हे एक मोठं कारण.

चॅट-ओ-मॅट म्हणजे बोलायची जागा. इथे बोलणं अक्षरांत पण उमटतं आणि वर सरकवून आधीचं वाचता येतं, हे फार कामाचं आहे. इथूनच डोअरबॉट आणि बेलबॉटला बोलावताही येतं, सगळीकडे नाही पण बऱ्याच ठिकाणी. वर्षानुवर्षं हा गेम खेळलेल्या लोकांना सुद्धा हे माहीत नसतं आणि ते बेलबॉटला शोधत अख्खं जहाज पालथं घालतात.

पर्सनल बॅगेज म्हणजे तुमच्याकडच्या वस्तू. रिमोट थिंगमीने खोलीतल्या गोष्टी चालवायच्या. डिझायनर रूम नंबर्समध्ये खोल्यांचे पत्ते असतात, पण रंग आणि आकारांच्या चिन्हात. आणि रिअल लाइफमध्ये सेव्ह, लोड, बाहेर पडणं.

पहिली खोली मिळाली की तिथेच रिमोट थिंगमीचा सराव करून घ्या. तुम्हाला सगळ्यात खालच्या दर्जाची खोली मिळते, इवलीशी, तिच्यात पलंग, टेबल, टीव्ही वगैरे सगळं घडी घालून भिंतीत बसवलेलं असतं. एक उघडा, काय झालं बघा, बंद करा, दुसरं उघडा. घाईने सगळी बटणं दाबू नका, इथे कशानंतर काय उघडायचं या क्रमाला महत्त्व आहे.

तपासून बघा: पुढे जायच्या आधी तुम्हाला न अडखळता हे तीन जमलं पाहिजे: चॅटमध्ये मागचं बोलणं वाचणं, एखादी वस्तू बॅगेजमध्ये टाकून परत बाहेर काढणं, आणि बेलबॉटला बोलावणं.

## टप्पा ५: बोलायचं कसं, आणि इथेच सगळे चुकतात

आपल्याला आता मोबाइलमधल्या एआयशी गप्पा मारायची सवय झालीय. तिथे कितीही लांब, कसंही लिहा, तो समजून घेतो आणि नवं वाक्य तयार करून देतो. इथे तसं काहीच घडत नाही. या गेममधल्या बोलण्याच्या यंत्रणेचं नाव स्पूकीटॉक. आवाजाच्या कलाकारांनी आधीच रेकॉर्ड केलेली दहा हजारांहून जास्त वाक्यं तिच्या पोतडीत आहेत आणि तुम्ही जे टाइप करता त्यातले शब्द आणि वाक्याची घडण बघून ती त्यातलं सगळ्यात जवळचं वाक्य काढून वाजवते. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं आहे, कारण मग तुमचं काम एवढंच उरतं की तिला पकडायला एक स्पष्ट शब्द द्यायचा.

एका ओळीत एकच गोष्ट. मी पुन्हा खेळायला बसलो तेव्हा लिफ्टबॉटला लिहिलं होतं, 'हॅलो, आय ॲम न्यू हिअर, आय वाँट अ बेटर रूम अँड आल्सो व्हेअर कॅन आय ईट'. उत्तर आलं ते या तिन्हीतल्या कशाला होतं तेच कळेना. मग तेच तीन ओळींत तोडलं. आधी नुसतं 'हॅलो'. त्याचं बोलून झाल्यावर 'आय वाँट अ बेटर रूम'. ते संपल्यावर 'व्हेअर इज द रेस्टॉरंट'. आता प्रत्येक ओळीला त्या ओळीचं उत्तर यायला लागलं, आणि मधल्या एका उत्तरात पुढे कामाला आलेली गोष्ट होती.

नाव घ्या, 'ते' म्हणू नका. 'व्हॉट इज इट' असं विचारलं की पकडायला काही नसतं. 'टेल मी अबाउट द पॅरट', 'हू इज टायटॅनिया', 'व्हेअर इज द बार' असं नाव घेऊन विचारा. टायटॅनिया ही या जहाजाची मुख्य बुद्धी, तिचे भाग जहाजभर विखुरलेत आणि ते शोधून परत जोडणं हे तुमचं मुख्य काम, तेव्हा तिचं नाव तर प्रत्येक बॉटसमोर एकदा काढाच.

बॉटने प्रश्न विचारला तर आधी त्याचं उत्तर द्या. ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. बॉट काहीतरी विचारतो, आपण ते न ऐकता आपलाच पुढचा प्रश्न टाकतो आणि मग उत्तराचं आणि प्रश्नाचं काही जुळत नाही. तो हो की नाही विचारत असेल तर 'येस' किंवा 'नो' एवढंच लिहा. डेस्कबॉट खोली द्यायच्या आधी प्रश्न विचारते तिथे हे विशेष लक्षात ठेवा, तिच्या फॉर्ममधून बाहेर पडायचा एकच मार्ग आहे, तो फॉर्म पुरा करणं.

बोलणं संपू द्या. काही उत्तरं लांब आहेत, लिफ्टबॉट एकदा लढाईच्या आठवणींत शिरला की लवकर बाहेर येत नाही. तरी ऐका. मध्येच नवी ओळ टाकली की आधीचं राहून जातं आणि तेच वाक्य परत ऐकायला मिळेलच असं नाही.

शब्द बदला, तेच परत परत टाइप करू नका. उत्तर भलतंच आलं म्हणून तीच ओळ पुन्हा मोठ्या अक्षरात टाकण्यात काही अर्थ नाही, यंत्रणेला मिळणारे शब्द तेच आहेत. 'कॅबिन' चाललं नाही तर 'रूम' वापरा. 'अपग्रेड' चाललं नाही तर 'फर्स्ट क्लास' म्हणून बघा. तीन वेगवेगळ्या शब्दांनी विचारूनही हाताला काही लागलं नाही तर त्या बॉटकडे त्या विषयावर सांगण्यासारखं नाही असं धरा आणि तोच प्रश्न दुसऱ्या बॉटला विचारा.

स्पेलिंग नीट, शब्द पूर्ण. चॅटमधली आखूड स्पेलिंग इथे टाकू नका, एका अक्षराने शब्द वाचवायची सवय बाहेर ठेवून या.

तबकड्या बघा. चॅट-ओ-मॅटमध्ये बॉटच्या नावासोबत तीन छोट्या तबकड्या असतात आणि बोलता बोलता त्यांचे काटे हलतात. त्या शोभेच्या नाहीत. या जहाजातले बॉट बिघडलेले आहेत, त्यांचा स्वभाव एका टोकाला जातो आणि परत येतो, कालचा मदत करणारा आज वेड्यासारखा वागतो. बोलणं सुरू करताना काटे कुठे होते आणि कशावर हलले ते वहीत टिपून ठेवा, बॉट एकदम पलटला तर का पलटला ते कळेल.

सावध: बॉटला शिव्या घालून बघायचा मोह सगळ्यांना होतो. घाला हवं तर, उत्तरं ऐकण्यासारखी असतात, पण आधी सेव्ह करा आणि नंतर ते सेव्ह लोड करून परत माणसासारखं बोला.

तपासून बघा: पहिल्या तासाच्या शेवटी तुमच्या वहीत निदान तीन बॉट्सची नावं, प्रत्येकाने सांगितलेली एक तरी कामाची गोष्ट आणि कुणाला काय विचारायचं राहिलंय याची यादी असली पाहिजे. ती नसेल तर तुम्ही फिरलात जास्त, बोललात कमी.

## टप्पा ६: कुणाशी कसं

सगळ्यांशी एकाच सुरात बोलून चालत नाही.

डोअरबॉट फेंटिबल म्हातारा, सभ्य आणि विसराळू. त्याच्याशी सावकाश, साधं बोला, जहाजाबद्दलचे मोठे प्रश्न आधी त्यालाच विचारा. बेलबॉट क्रेज बेफिकीर आहे, कामचुकारही, पण हातात नवी वस्तू आली की तिच्याबद्दल त्याला विचारायचं हा माझा ठरलेला नेम आहे. लिफ्टबॉट नॉबीला कुठे जायचं ते जागेचं नाव घेऊन सांगा, 'टॉप ऑफ द वेल' असं, नुसतं 'वर ने' नको.

डेस्कबॉट मार्सिंटाचं वेगळंच आहे. तिसऱ्या दर्जाच्या प्रवाशाला ती कस्पटासमान मानते, आणि तुमचा दर्जा वाढवणं तिच्याच हातात आहे. अनेक जण तिच्याशी वाद घालून दर्जा वाढवून घ्यायला बघतात, तासन्तास. नुसत्या गयावया करण्याने किंवा भांडण्याने ती हलत नाही, तिच्यासमोर कारण घेऊन जावं लागतं आणि ते कारण जहाजात दुसरीकडे मिळतं. म्हणून तिच्यासमोर उभं राहून पाचव्यांदा तेच विचारत असाल तर तिथून निघा.

बारबॉट फॉर्टिलियनकडे पेय बनवायचं अडलेलं काम आहे, त्याला काय काय हवंय ते त्याच्या तोंडून काढून घेऊन यादी करा. रेस्टॉरंटच्या मेत्र-दी-बॉटकडे, म्हणजे मुख्य वेटरकडे, खालच्या दर्जात असताना जाऊन उपयोग नाही, दर्जा वाढेपर्यंत तो विषय बाजूला ठेवा. पोपट हवं नको ते सगळं बडबडत असतो, पण तो कशाकडे बघतो आणि काय खातो याच्याकडे लक्ष असू द्या.

## टप्पा ७: जहाज फिरायचा क्रम आणि सक-यू-बस

आधी तुमच्या दर्जाला जिथे जिथे जाऊ देतात तेवढंच पूर्ण बघा. ज्या दारातून परत पाठवलं ते दार वहीत लिहा, त्याच्यापुढे 'कुणी अडवलं' ते लिहा, आणि दर्जा वाढला की यादी काढून त्याच क्रमाने परत जा. लोक दर्जा वाढल्याच्या आनंदात फक्त नवी खोली बघायला जातात आणि आधी बंद असलेली अर्धी दारं विसरून जातात.

आडव्या दिशेने जायला पेलरेटर आहे, बार, संगीताची खोली, प्रोमेनेड डेक, आर्बोरेटम (झाडांची बाग) अशा ठिकाणी तो नेतो. आर्बोरेटमला एकदा बघून 'झालं' म्हणून खूण करू नका, तिथला ऋतू बदलता येतो आणि ऋतू बदलला की त्याच जागी वेगळ्या गोष्टी करता येतात. वहीत त्या एका जागेसाठी चार रकाने आखून ठेवा.

आता सक-यू-बस. नळीतून वस्तू इकडून तिकडे ओढून पाठवणारा हा प्राणी आहे, आणि त्याचा क्रम चुकतो म्हणून वस्तू हरवल्यात असं वाटतं. क्रम असा: वस्तू बॅगेजमधून काढून त्याच्या ताटलीत ठेवा, मग पीईटीमध्ये डिझायनर रूम नंबर्सवर जा, जिथे पाठवायचंय त्या खोलीचं चिन्ह निवडा, ते निवडलं गेलंय हे डोळ्यांनी बघा, आणि मगच पाठवा. चिन्ह न निवडता पाठवायला गेलात की घोटाळा.

सावध: एकाच वेळी दोन महत्त्वाच्या वस्तू पाठवू नका. एक पाठवा, तिकडे जाऊन घ्या, मग दुसरी. आणि पाठवायच्या आधी वहीत 'काय, कुठून, कुठे' एवढं एका ओळीत लिहा.

## टप्पा ८: सेव्हची शिस्त

पीईटीच्या रिअल लाइफमध्ये पाचच जागा आहेत. पाच पुरतात, फक्त प्रत्येकीला काम ठरवून द्या. पहिली जागा जहाजावर पाय ठेवल्याबरोबरची, ही कधीच पुसायची नाही. दुसरी आणि तिसरी दर्जा वाढल्या वाढल्याची, प्रत्येक वाढीला एक. चौथी आणि पाचवी आलटून पालटून रोजच्या खेळाला. नावात तारीख टाकू नका, आठवड्याने तारखेवरून काही आठवत नाही. त्याऐवजी कुठे होतो आणि काय करायला निघालो होतो ते लिहा, 'बार, लिंबू शोधतोय' असं, अर्थात इंग्लिश अक्षरांत.

नवीन बॉटशी पहिल्यांदा बोलायच्या आधी सेव्ह करा. पहिल्या भेटीचं बोलणं परत ऐकावंसं वाटतं, ते तिथूनच मिळतं.

## टप्पा ९: बॉम्ब

जहाजात एक बॉम्ब आहे आणि त्याला तुम्ही चालू करू शकता, एवढं सांगतो. तो हजारापासून उलटे आकडे मोजायला लागतो. तुम्ही त्याच्याशी बोललात की त्याची मोजणी चुकते आणि तो परत हजारापासून सुरू करतो. मी पहिल्यांदा अगदी खाली आल्यावर घाबरून 'हॅलो' टाइप केलं, तो गडबडला, चिडला आणि मोजणी पहिल्यापासून, आणि खुर्चीत मागे रेलून मी कितीतरी वेळ हसत होतो. घाबरून गेम बंद करू नका. मोजणी चालू असताना इतर कामं करायची असतील तर मध्ये मध्ये येऊन त्याच्याशी दोन शब्द बोलत चला. त्याला शून्यापर्यंत मात्र जाऊ द्यायचं नाही, आणि कायमचा थांबवायचा उपाय वेगळा आहे, तो जहाजातच मिळतो.

सावध: बॉम्बजवळ पोचल्यावर लाल दिसतंय म्हणून बटण दाबू नका, आधी सेव्ह.

## टप्पा १०: अडकलात तर

वॉकथ्रू उघडायला माझी ना नाही, काही पझल्स खरोखर अन्यायी आहेत आणि १९९८ मध्ये पण तशीच होती. पण उघडायच्या आधी या क्रमाने जा.

१. वहीतली 'विचारायचं राहिलंय' ही यादी संपवा. अडकलेल्या दहापैकी सात वेळा तिथेच सुटतं.

२. शेवटची मिळालेली वस्तू घेऊन डोअरबॉट आणि बेलबॉट दोघांनाही बोलवा आणि वस्तूचं नाव घेऊन विचारा.

३. बंद दारांची यादी परत बघा, आता दर्जा बदललाय का.

४. चॅटमध्ये मागे जाऊन आजचं सगळं बोलणं शांतपणे वाचा. ऐकताना सुटलेलं वाचताना दिसतं.

५. गेम बंद करा, उद्या या.

६. तरीही नाही, तर वॉकथ्रूमधला फक्त त्या खोलीचा भाग वाचा. पहिलं वाक्य वाचा आणि परत गेममध्ये जाऊन बघा, दुसरं वाक्य लागलं तरच वाचा. पूर्ण पान एकदम खाली सरकवलं की पुढच्या तीन पझल्सची उत्तरं डोळ्यात शिरतात आणि ती मग विसरता येत नाहीत.

गेम संपल्यावर ती पहिली, न पुसलेली सेव्ह लोड करा. या वेळी एकही पझल सोडवायला जाऊ नका, फक्त लिफ्टमध्ये उभं राहून नॉबीला लढाईबद्दल विचारा, मग डेस्कवर जा, मग फेंटिबलला बोलवा, आणि पहिल्या फेरीत जे जे विषय काढायचे राहिले ते वहीतून एकेक वाचत टाइप करत चला. रेकॉर्ड केलेलं सगळं बोलणं सलग वाजवलं तर कित्येक तास भरतं, आणि एका फेरीत त्यातलं फार थोडं कानावर पडलेलं असतं.